‘बौद्ध अर्थशास्त्र’ आणि दरिद्री राष्ट्राचा विकास : शूमाखर यांच्या निबंधाची चिकित्सा

बौद्ध विचार आणि अर्थशास्त्र यांच्या संबंधाची चर्चा निघाली की एका निबंधाचे नाव हटकून घेतले जाते. ई. एफ. शूमाखर यांचा ‘बुद्धिस्ट इकॉनॉमिक्स’ हा तो निबंध होय. १९६६ साली गाय विंट यांनी संपादित केलेल्या आशियाविषयक संदर्भग्रंथात तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि पुढे १९७३ साली ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथाचे एक प्रकरण म्हणून जगभर पोहोचला. आज व्याख्यानांतून, शिबिरांतून आणि अभ्यासमंडळांतून हा निबंध म्हणजेच बौद्ध अर्थशास्त्र असे गृहीत धरले जाते. या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही तपासणी आम्हाला आवश्यक वाटते, याचे कारण केवळ पांडित्याचे नाही. अल्प उत्पन्नाच्या राष्ट्राने कोणता मार्ग धरावा, वाढ किती साधावी, कशाच्या बळावर साधावी आणि ती टिकेल कशी, हे प्रश्न कोट्यवधी माणसांच्या अन्नवस्त्राशी निगडित आहेत. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही त्याला ‘कमी उपभोगात अधिक सुख’ हे सूत्र सांगताना ते कोणाच्या तोंडून कोणाला सांगितले जात आहे, याचा विचार झाला पाहिजे. बुद्धाच्या नावाने सांगितले जात असेल तर तो अधिकच काटेकोरपणे झाला पाहिजे.

निबंधाची जन्मभूमी

शूमाखर हे मूळचे जर्मन (जन्म १९११), पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले अर्थतज्ज्ञ. १९५० ते १९७० अशी वीस वर्षे ते ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे आर्थिक सल्लागार होते. १९५५ च्या प्रारंभी ते काही महिन्यांसाठी ब्रह्मदेशाच्या शासनाचे सल्लागार म्हणून रंगूनला गेले. या वास्तव्यातच त्यांच्या विचाराला कलाटणी मिळाली आणि बौद्ध देशातील अर्थशास्त्राविषयीचे पहिले टिपण त्यांनी तेथेच लिहिले. त्याच्या काही आठवडेच आधी, डिसेंबर १९५४ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनला गेले होते. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेला एक भारतीय आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला एक युरोपीय, असे दोन अर्थवेत्ते एकाच नगरीत जवळजवळ एकाच ऋतूत बौद्ध समाज पाहत होते. दोघांना त्यातून काय दिसले, हे पुढे पाहू.

तेव्हाचा ब्रह्मदेश कसा होता? युद्धापूर्वी तांदळाच्या निर्यातीत तो जगात अग्रेसर होता. दुसऱ्या महायुद्धात देशावरून दोनदा रणगाडे फिरले. बंदरे, लोहमार्ग, तेलविहिरी उद्ध्वस्त झाल्या. १९४८ साली स्वातंत्र्य मिळाले आणि पाठोपाठ यादवी सुरू झाली. पंतप्रधान ऊ नू यांच्या शासनाने ऑगस्ट १९५२ मध्ये ‘प्यीदॉथा’, म्हणजे सुखी देश, या नावाने आठ वर्षांची विकासयोजना जाहीर केली. तिचा तांत्रिक आराखडा अमेरिकन सल्लागार संस्थांनी तयार केला होता. या योजनेचा पाया एकच होता : तांदूळ. राज्य कृषी पणन मंडळ शेतकऱ्याकडून ठरावीक, अल्प भावाने भात घेई आणि परदेशात चढ्या भावाने विकी. मधल्या फरकावर शासनाचा खर्च आणि योजनेचे भांडवल उभे राही. कोरियाच्या युद्धामुळे तांदळाचे भाव चढलेले होते. तेच भाव टिकतील या समजुतीवर हिशेब मांडला गेला. १९५३ नंतर भाव कोसळले, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९५५ च्या सुमारास योजना गुंडाळावी लागली. शूमाखर रंगूनला पोहोचले ते नेमके या वेळी. आपल्याकडील अर्थशास्त्राचे आडाखे या देशाला लागू पडत नाहीत असे त्यांना वाटले, यात नवल नाही.

निबंधाचे सामर्थ्य

निबंधाचा मुख्य आधार आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका हा आहे. सम्यक आजीविका हे मार्गाचे अंग असेल तर त्याला अनुरूप असे अर्थशास्त्रही असले पाहिजे, असे शूमाखर म्हणतात. प्रचलित अर्थशास्त्राला काम ही मालकाच्या दृष्टीने खर्चाची आणि कामगाराच्या दृष्टीने त्यागाची बाब वाटते. शूमाखर कामाची तीन प्रयोजने सांगतात : माणसाच्या शक्तींचा विकास करणे, इतरांच्या सोबतीने काम करताना अहंकारावर मात करणे आणि आवश्यक वस्तू निर्माण करणे. प्रचलित शास्त्र उपभोग हेच साध्य मानते, तर बौद्ध दृष्टी कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त कल्याण साधू पाहते. प्रचलित शास्त्राला कोळसा आणि लाकूड यांत केवळ किमतीचा फरक दिसतो. बौद्ध दृष्टीला मात्र एक पुन्हा न उगवणारे व दुसरे पुन्हा उगवणारे असा मूलभूत भेद दिसतो.

हा शेवटचा मुद्दा विशेष मोलाचा आहे. कोळसा मंडळात आयुष्य घालवलेला माणूस खनिज इंधनांच्या मर्यादेविषयी बोलत होता आणि तेही १९७३ च्या तेलसंकटापूर्वी. राष्ट्राच्या हिशेबवहीत जंगल तोडून मिळालेला पैसा उत्पन्न म्हणून लिहिणे म्हणजे मुद्दल खाऊन त्याला व्याज म्हणणे होय, हे त्यांनी फार लवकर ओळखले. या बाबतीत त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

प्रतिमानाचा प्रश्न

तथापि दृष्टी आणि प्रतिमान या दोन भिन्न गोष्टी आहेत. काय चांगले, हे दृष्टी सांगते. अमुक केले तर अमुक किती होईल आणि ते कोणाच्या खर्चाने होईल, हे प्रतिमान सांगते. दरिद्री राष्ट्राच्या अर्थमंत्र्याला दोन्ही लागतात.

शूमाखर ज्यांच्याविरुद्ध लिहीत होते त्यांचे प्रतिमान तसे सोपे होते. हॅरॉड (१९३९) आणि डोमार (१९४६) यांच्या सूत्रानुसार राष्ट्राच्या बचतीच्या दराला भांडवल-उत्पादन गुणोत्तराने भागले की वाढीचा दर मिळतो. समजा, एक राष्ट्र उत्पन्नाच्या १२ टक्के बचत करते आणि एक रुपयाचे जादा उत्पादन काढायला चार रुपयांचे भांडवल लागते. वाढीचा दर ३ टक्के झाला. लोकसंख्या २ टक्क्यांनी वाढत असेल तर दरडोई वाढ उरते १ टक्का; म्हणजे दरडोई उत्पन्न दुप्पट व्हायला सुमारे ७० वर्षे. तीन पिढ्या वाट पाहण्याचा हा हिशेब ज्याने एकदा मांडला त्याला बचत वाढवण्याची घाई का होते, हे समजू शकते. ती घाई केवळ तृष्णेपोटी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण याच सूत्रात शूमाखर यांची सूचना घालून पाहावी. समजा, त्या १२ टक्क्यांपैकी ५ टक्के हे सागाची जंगले तोडून आणि खाणी उपसून आलेले आहेत. मग राष्ट्राच्या एकूण संपत्तीत पडलेली खरी भर १२ नव्हे, ७ ठरते. ढोबळ मानाने ७ ला चाराने भागले तर पावणेदोन टक्के. त्यातून लोकसंख्येची वाढ वजा केली तर दरडोई वाढ शून्याखाली जाते. कागदावर राष्ट्र पुढे जात असते आणि प्रत्यक्षात मागे सरकत असते. पुढे १९७७ साली जॉन हार्टविक यांनी याच अंगाने एक नियम मांडला : संपुष्टात येणाऱ्या साधनांपासून मिळणारा खंड पूर्णपणे टिकाऊ भांडवलात गुंतवला तरच पुढच्या पिढीचा उपभोग घटणार नाही. नैसर्गिक साधनांची झीज वजा करून बचत मोजण्याची पद्धत आज जागतिक बँकही वापरते. म्हणजे शूमाखर यांचा आक्षेप गणितात बसत होता. खेद एवढाच की त्यांनी स्वतः तो बसवला नाही. वाढीचे गणित करणाऱ्यांची चूक दाखवताना त्यांनी गणितालाच पाठ दाखवली.

एके ठिकाणी मात्र त्यांनी आकडे दिले आहेत. दरिद्री देशातील पारंपरिक साधनांना त्यांनी प्रतीकरूपाने एक पौंडाचे तंत्र म्हटले, प्रगत देशांतील यंत्रांना हजार पौंडांचे तंत्र, आणि या दोहोंमध्ये शंभर पौंडांचे ‘मध्यम तंत्रज्ञान’ सुचवले. एक कोटी पौंड भांडवल असेल तर हजार पौंडांच्या तंत्राने दहा हजार लोकांना काम मिळेल, शंभर पौंडांच्या तंत्राने एक लाख लोकांना. हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु पहिल्या वर्षीच्या दहा हजार कामगारांनी निर्माण केलेले वरकड उत्पन्न पुन्हा गुंतवले गेले, तर काही वर्षांनी कामांची संख्या कोणत्या मार्गाने अधिक होईल? अमर्त्य सेन यांनी १९६० साली तंत्रनिवडीवरील आपल्या ग्रंथात हाच पेच उलगडला होता : आजचा रोजगार आणि उद्याचा रोजगार यांत निवड करावी लागते, आणि ती निवड काळाकडे आपण कसे पाहतो यावर अवलंबून असते. शूमाखर यांच्या निबंधात हा पेच नाही, कारण त्यात काळच नाही. त्यातील समाज संथ आणि स्थिर आहे.

सुत्तांचा आधार

आता बौद्ध अर्थशास्त्र या नावाकडे वळू. निबंधात पालि साहित्याचा आधार अत्यल्प आहे. अष्टांगिक मार्गाचा उल्लेख, मध्यम मार्गाचा निर्देश आणि आनंद कुमारस्वामी व जे. सी. कुमारप्पा यांची वचने एवढ्यावर इमारत उभी आहे. याच ग्रंथाच्या आधीच्या प्रकरणात बौद्ध धर्माची निवड केवळ प्रासंगिक आहे, ख्रिस्ती, इस्लाम किंवा यहुदी परंपरेचाही असाच उपयोग करता आला असता, अशी प्रामाणिक कबुली शूमाखर यांनीच दिली आहे. त्यांच्या वाचकांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

एक लहानसा दाखला पुरेसा होईल. प्रत्येक अनुयायाने दर काही वर्षांनी एक झाड लावावे आणि ते रुजेपर्यंत जपावे असा बुद्धाचा आदेश असल्याचे निबंधात म्हटले आहे. अशा कालबद्ध आदेशाला निकायांत आधार आमच्या पाहण्यात नाही. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात वृक्षारोपणाचा गौरव अवश्य आहे; परंतु तेथे उपवने आणि वने लावणाऱ्यांच्या बरोबरीनेच पूल बांधणारे, पाणपोया घालणारे, विहिरी खोदणारे आणि निवारा देणारे यांचाही गौरव आहे. शूमाखर यांनी झाड घेतले, पूल आणि विहीर सोडली. दरिद्री राष्ट्राला ज्यांची सर्वाधिक वाण असते ती सार्वजनिक भांडवली कामे त्यांच्या बौद्ध अर्थशास्त्रातून गळाली.

दारिद्र्याविषयी निकायांची भूमिका तर अगदी स्पष्ट आहे. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात दारिद्र्य हे गृहस्थाला दुःखच आहे असे सांगून दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा आणि शेवटी बंधन अशी साखळी वर्णिली आहे. त्याच निकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. व्यग्घपज्ज सुत्तात उत्थानसंपदा, म्हणजे उद्योगशीलता, प्रथम येते आणि समजीविता, म्हणजे आयव्ययाचा तोल, शेवटी येते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन उद्योगात आणि चौथा आपत्तीसाठी राखावा असा उपदेश आहे. बचत आणि गुंतवणूक यांवर इतका भर असलेल्या परंपरेला केवळ अल्पोपभोगाची परंपरा म्हणणे, हे तिचे अर्धेच दर्शन होय. अल्पेच्छता हा भिक्षूचा अलंकार आहे. ती गृहस्थावर, त्यातही उपाशी गृहस्थावर, लादणे सुत्तांना अभिप्रेत नाही. थायलंडचे विद्वान भिक्षू प. अ. पयुत्तो यांनी बौद्ध अर्थशास्त्रावरील आपल्या विवेचनात तृष्णा आणि छंद, म्हणजे कल्याणाची इच्छा, असा जो भेद केला आहे तो येथे उपयुक्त ठरतो. भाकरीची इच्छा आणि तिसऱ्या मोटारीची इच्छा एकाच तराजूत तोलता येत नाही.

राज्याच्या धोरणासंबंधी दीघ निकायातील दोन सुत्ते एकत्र वाचण्यासारखी आहेत. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य पसरते, चोरी सुरू होते. पकडलेल्या चोराला राजा धन देतो. ते ऐकून धनाच्या आशेने आणखी लोक चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदाचा मार्ग धरतो. चोरही शस्त्रे धारण करतात. हिंसा, असत्य आणि अनाचार वाढत जाऊन मनुष्याचे आयुष्यच घटत जाते. यात एक कारणमालिका आहे आणि प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला बळ देते. एवढेच नव्हे, तर अपराध घडल्यावर वाटलेले धन विपरीत प्रेरणा निर्माण करते, हे सूक्ष्म निरीक्षणही आहे.

कूटदंत सुत्तात याची दुसरी बाजू येते. राजा महाविजिताला यज्ञ करायचा आहे, पण जनपदात चोरांचा उपद्रव आहे. पुरोहित सांगतो की अशा स्थितीत कर वाढवणे अनुचित, आणि वध-बंधनानेही उपद्रव मिटणार नाही, कारण जे वाचतील ते पुन्हा त्रास देतील. उपाय एकच : शेती आणि गोपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवा करणाऱ्यांना भोजन व वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंततील, उपद्रव थांबेल आणि राजाचा महसूलही वाढेल. ही भिक्षा नव्हे, गुंतवणूक आहे. ती व्यवसायानुसार दिलेली आहे आणि अपराधापूर्वी दिलेली आहे. बुद्धकालीन विकासनीतीचे प्रतिमान म्हणायचे तर ते हे.

परंतु येथेही आम्हाला सावध राहिले पाहिजे. सुत्तात महाविजित हा आधीच विपुल धनधान्याचा आणि भरलेल्या कोषाचा स्वामी आहे. बियाणे कोठून आणायचे हा प्रश्न त्याला पडत नाही. महाविजिताचा कोष भरलेला होता. ऊ नू यांचा नव्हता. प्यीदॉथा योजनेतील शेतकऱ्याला बियाणे मिळण्याऐवजी त्याच्याच भाताच्या भावातून योजनेचे भांडवल काढले जात होते. पुरोहिताने निषिद्ध ठरवलेला कर तो हाच. फक्त त्याचे नाव बदलले होते. अमेरिकन आराखड्याची खरी बौद्ध चिकित्सा या ठिकाणी व्हावयास हवी होती. ती शूमाखर यांच्या निबंधात नाही.

लहान ते सुंदरच काय?

रंगूनला त्याच सुमारास गेलेल्या दुसऱ्या अर्थवेत्त्याकडे आता येऊ. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर एक निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तुकडे एकत्र करून जमिनीचे आकारमान वाढवावे, असा बडोदा संस्थानच्या समितीचा आणि इतरांचा उपाय होता. आंबेडकरांनी दाखवले की आकारमान ही अलगपणे चांगली किंवा वाईट गोष्ट नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण योग्य असेल तर लहान जमीनही किफायतशीर ठरते. प्रमाण बिघडले असेल तर मोठीही तोट्यात जाते. भारताचा रोग लहान तुकडा हा नसून जमिनीवर लादलेला निष्क्रिय श्रम हा आहे. त्या श्रमाला उत्पादक काम मिळाले पाहिजे आणि त्यासाठी औद्योगिकीकरण हवे. आर्थर लुईस यांनी शेतीतील वरकड श्रमाचे जे प्रतिमान १९५४ साली मांडले आणि ज्या कार्याबद्दल त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा गाभा या निबंधात छत्तीस वर्षे आधी आढळतो.

शूमाखर म्हणतात लहान ते सुंदर. त्यांचे विरोधक म्हणत मोठे ते कार्यक्षम. आंबेडकरांचा निबंध दोघांनाही विचारतो : कशाच्या प्रमाणात लहान, कशाच्या प्रमाणात मोठे? आमच्या मते हीच खरी मध्यमा प्रतिपदा आहे. दोन टोकांच्या मधला बिंदू निवडणे म्हणजे मध्यम मार्ग नव्हे. दोन्ही टोकांनी गृहीत धरलेला प्रश्नच तपासणे म्हणजे मध्यम मार्ग.

लहान गावाविषयीच्या ममतेलाही हीच कसोटी लावावी लागेल. स्थानिक साधनांतून स्थानिक गरजा भागवणारा समाज शूमाखर यांना आदर्श वाटतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत भाषण करताना आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेच्या अशाच गौरवीकरणावर कठोर प्रहार केला होता. गाव लहान असले की त्यातील सत्ताही लहान होते असे नाही. उलट ती जवळची आणि म्हणून अधिक जाचक होऊ शकते. गावाच्या स्वयंपूर्णतेचा हिशेब मांडताना गावकुसाबाहेर कोण राहते, पाणवठा कोणाचा, जमीन कोणाच्या नावावर, हे रकाने भरल्यावाचून तो पूर्ण होत नाही. शूमाखर यांच्या वहीत हे रकाने नाहीत.

स्त्रियांविषयी निबंधात जे आहे ते तर आज वाचवत नाही. सामान्यतः स्त्रियांना बाहेरच्या कामाची गरज नसते आणि कचेऱ्यांत वा कारखान्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया काम करू लागणे हे आर्थिक अपयशाचे लक्षण समजावे, असा त्याचा आशय आहे. कोणत्या निकायात याला आधार आहे? विदर्भ-मराठवाड्यातील भूमिहीन कुटुंबातील स्त्री बाहेर कामाला जावे की नाही हा प्रश्न कधी विचारू शकली? ती नेहमीच बाहेर होती, कमी मजुरीवर. २०११ नंतरच्या दशकात म्यानमारमधील तयार कपड्यांच्या कारखान्यांत काही लाख कामगार, बहुसंख्य तरुण स्त्रिया, कामाला लागल्या. तेथील मजुरी आणि परिस्थिती यांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु त्या स्त्रियांच्या हाती प्रथमच रोख पैसा आला, त्यांनी संघटना बांधल्या आणि फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर रंगूनच्या रस्त्यांवर प्रथम उतरलेल्यांत त्या होत्या. याला अपयशाचे लक्षण म्हणणारे अर्थशास्त्र आम्हाला बौद्ध वाटत नाही.

इतिहासाची साक्ष

ब्रह्मदेशाचे पुढे काय झाले? २ मार्च १९६२ रोजी ने विन यांच्या लष्कराने सत्ता घेतली. त्या राजवटीने ‘समाजवादाचा ब्रह्मी मार्ग’ घोषित केला आणि १९६३ च्या सुरुवातीस प्रसिद्ध केलेल्या तात्त्विक पुस्तिकेत बौद्ध परिभाषेचा मुबलक वापर केला. दारे बंद झाली, व्यापार शासनाच्या हाती गेला, तांदळाची निर्यात खालावत गेली. सप्टेंबर १९८७ मध्ये मोबदला न देता नोटा रद्द करण्यात आल्या आणि सामान्य माणसाची घरातील पुंजी एका रात्रीत कागद झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एके काळचे तांदळाचे कोठार संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत गेले. याचा दोष शूमाखर यांच्या माथी मारणे हा शुद्ध अन्याय होईल. सक्तीचा त्यांना तिटकाराच होता. परंतु उपभोग कमी, परकी व्यापार कमी, यंत्रे कमी अशी स्थिती नुसती असली म्हणजे समाज बौद्ध होत नाही, हे या इतिहासातून सिद्ध होते. पुढे लाकूड, नैसर्गिक वायू आणि जेड यांच्या विक्रीवर लष्करी राजवटी पोसल्या गेल्या. गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी आली ती एप्रिल २०१४ मध्ये. हार्टविक यांच्या नियमाची याहून उघड पायमल्ली शोधून सापडणार नाही : मुद्दल विकले गेले आणि त्यातून ना शाळा उभ्या राहिल्या, ना दवाखाने.

याउलट भूतानचे उदाहरण दिले जाते. सकल राष्ट्रीय आनंद ही कल्पना तेथे १९७० च्या दशकात पुढे आली. २००८ च्या राज्यघटनेत तिला स्थान मिळाले आणि देशाची किमान ६० टक्के भूमी वनाच्छादित राहिली पाहिजे असे बंधन घटनेनेच घातले. नऊ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक यांच्या आधारे आनंदाचे मोजमाप केले जाते. दृष्टीला मोजमापाची जोड देण्याचा हा गंभीर प्रयत्न आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. मात्र दोन गोष्टी विसरता येत नाहीत. या प्रगतीचा आर्थिक कणा म्हणजे भारताला विकली जाणारी जलविद्युत होय. धरणे आणि पारेषण तारा ही काही लहान तंत्रे नव्हेत. दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. १९९० च्या सुमारास आणि नंतर एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोकांना तो देश सोडून नेपाळमधील छावण्यांत राहावे लागले. राष्ट्राचा आनंद मोजताना राष्ट्रात कोणाला मोजायचे, हा प्रश्न निर्देशकांच्या आधी येतो.

निष्कर्ष

या विवेचनातून आमचे मत पुढीलप्रमाणे बनले आहे. शूमाखर यांचा निबंध ही समृद्ध समाजाच्या अतिरेकाची समर्थ चिकित्सा आहे. जे आधीच पुष्कळ उपभोगतात, त्यांनी तो अवश्य वाचावा. नैसर्गिक साधने हे मुद्दल आहे, उत्पन्न नव्हे, ही त्यातील शिकवण दरिद्री राष्ट्रांनाही तितकीच आवश्यक आहे. किंबहुना अधिक आवश्यक आहे, कारण त्यांच्यापाशी दुसरे मुद्दल नसते. परंतु दरिद्री राष्ट्राच्या विकासाचे प्रतिमान म्हणून तो अपुरा आहे, आणि बौद्ध परंपरेचे प्रतिनिधित्व करणारा म्हणून तर तो फारच अपुरा आहे.

निकायांना अनुसरणारे प्रतिमान रचायचे झाल्यास त्यात निदान चार गोष्टी असाव्या लागतील. पहिली, दारिद्र्याला दुःखाचे कारण मानून त्याच्या निवारणाने आरंभ करणे. दुसरी, बी-बियाणे, भांडवल आणि वेतन यांच्या रूपाने जी गुंतवणूक व्हायची ती कोणाच्या खिशातून होते याचा उघड हिशेब ठेवणे. तिसरी, वन, जल आणि खनिजे यांची झीज बचतीतून वजा करणे. चौथी, सरासरीवर समाधान न मानता गावकुसाबाहेरचा माणूस, भूमिहीन स्त्री आणि निर्वासित यांच्या वाट्याला काय आले हे वेगळे मोजणे. यांपैकी तिसरी गोष्ट शूमाखर यांनी दिली. उरलेल्या तीन सुत्तांतून आणि १९१८ च्या त्या निबंधापासून सुरू झालेल्या विचारातून घ्याव्या लागतील.

कूटदंत सुत्ताच्या कथेत उपाय यशस्वी झाल्याची खूण म्हणून कोषातील नाण्यांची संख्या दिलेली नाही. लोक निर्भयपणे, घराची दारे उघडी ठेवून, मुलांना कडेवर नाचवीत राहू लागले, असे तेथे म्हटले आहे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रतिमानाला, मग त्याच्या नावात बौद्ध हे विशेषण असो वा नसो, हीच कसोटी लावावी असे आम्हाला वाटते.